डोहाकडची वाट

हे मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला तर नाहीच. तुला सांगते — पण मधे बोलू नको, नाहीतर राहूनच जाईल.

कुरुंदवाडच्या अलीकडं आमचा ऊस नदीला टेकलाय. त्यातनं पूर्वी डोहाकडं पायवाट जायची. बुद्धविहाराजवळची अक्काताई तिथं पोरींना पोहायला शिकवायची — कमरेला वाळका भोपळा बांधून, दणादण शिव्या घालत. मामाकडं सुट्टीला आले की मीही जायची. पाण्यात उताणी पडायचं, वर नुसतं आभाळ... काय सांगू! अजून अंगावर काटा येतो.

पुढं त्याच गावात दिली मला. माझ्या सासऱ्यांनी, मामंजींनी, ते रान घेतलं आणि वाटेवर तार मारली. अक्काताईनं तहसीलदाराकडं अर्ज केला. साक्षीला नाव कुणाचं दिलं? माझं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं.

साहेब बांधावर आले. मामंजींचा वकील म्हणाला, "नदी सरकारची, कबूल. पण पोहायची हौस म्हणून दुसऱ्याच्या रानातनं वाट? कुठल्या कायद्यात बसतं हे?" जुनी वहिवाट असेल तर बघू, असं म्हणून साहेब माझ्याकडं वळले. तुम्ही इथनं पोहायला जात होता का?

मामंजी बघत होते. मारलं नसतं मला कुणी. तरी मी म्हणाले, "न्हाय. मला पोहायलाच येत न्हाय."

पोरीला पाण्यात उतरवा की साहेब — एवढं अक्काताईनं म्हटलं असतं तरी ती जिंकली असती. ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "चुकलं साहेब. ती पोरगी दुसरी हुती."

एवढं मन कुठनं आणतात गं माणसं? तिची वाट गेली, वस्तीतल्या पोरींची गेली. माझी अब्रू तेवढी राहिली.

मग ती लांब पुलाजवळ पाण्यात उतरायची आणि धारेला लागून डोहापर्यंत यायची, पोरी मागोमाग. साठीची बाई! उसाचा पाला काढता काढता मी उभी राहून बघायची. भान हरपायचं. ती वर बघून हात करायची — मला! मी मान खाली घालायची. पाण्यात पाय कधी घातला नाही. घालणार कसा?

अक्काताई गेली, त्यालाही बरीच वर्षं झाली. माझी लेक नदीकाठी वाढली आणि तिला पोहता येत नाही. म्हणते, "शिकवणार कोण? तुला तरी कुठं येतंय, आई?" मी व्हय, खरंय म्हणते.

येतं मला. उताणी पडून तासभर तरंगता येतं.