ग्रुपला म्हणावं, खाली ये

"दार आहे ना मला? मग वाजवलं की झालं!"

तळमजल्यावरच्या ताईंचं हे पालुपद. कुणी म्हणालं, "ताई, एक मोबाइल तरी घ्या हो," की त्या हातातलं उलथणं त्याच्यावर रोखायच्या आणि हे सुनावायच्या.

आमची इमारत अंबरनाथ पूर्वेला, पालेगावच्या रस्त्यावर. जुनी, तीन मजली. पाणी जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रावरून दुपारी यायचं, पण दुपारी म्हणजे कधी, ते पाण्यालाच ठाऊक. आधी तळमजल्याचा नळ खुरखुरायचा, मग पाणी सावकाश वर चढायचं. तेवढ्यात ताई स्वयंपाकघरातल्या पाइपावर उलथण्याने ठकठक करायच्या आणि जिन्यातून हाळी द्यायच्या, "जांभूळवरनं सुटलं गं! उठा!" तो पाइप थेट माझ्या तिसऱ्या मजल्यावर आलेला. पाणी भरलं की मी लाटण्याने उलट ठोकायची. असं आमचं टपालखातं.

सुरुवातीला मला हे फार गावंढळ वाटायचं हं. नवं लग्न झालेली, सकाळच्या वेळात ऑफिसात टायपिस्ट, पदराला पिना. स्वतःला कलेक्टरीणच समजत होते. म्हटलं, "ताई, माझ्याकडे घड्याळ आहे." त्या म्हणाल्या, "बरं मॅडम."

पुढच्या रविवारी पाइप गप्प. मी केसांना शिकेकाई थापून बसलेली, आणि घड्याळ आपलं टिकटिक करतंय. पाणी येऊन गेलंसुद्धा! शेवटी डोक्याला पंचा गुंडाळून, रिकामी बादली घेऊन खाली गेले. ताईंनी मला नखशिखांत न्याहाळलं.

"काय मॅडम, घड्याळाला पाणी नाही आलं?"

आणि स्वतःच्या मोरीत बसवून माझे केस धुऊन दिले.

साठी उलटल्यावर मुलीने मला स्मार्टफोन दिला आणि मी पुन्हा तशीच बावळट झाले. सकाळी उठून साऱ्या गोतावळ्याला गुलाब पाठवायचे. तुमच्याही ओळखीत असेल अशी एखादी. एकदा ऐटीत ताईंना दाखवायला नेला. त्यांनी चष्मा लावून गुलाब पाहिला.

"वास येतो?"

"नाही."

"मग पाठव, पाठव. खुशाल पाठव."

ताईंचे यजमान गेले, मुलगा नाशिकला स्थायिक झाला. तो रविवारी माझ्या फोनवर व्हिडिओ कॉल करायचा. ताई पदर सारखा करून अशा ओरडून बोलायच्या, की नाशिकला फोनविना ऐकू जावं.

"आई, एक तर फोन घे, नाहीतर इकडे ये. एकटीचं काही झालं तर कळणार कसं?"

"मॅडम आहे ना वर. ठकठक नाही झाली तर येईल खाली."

फोन ठेवला की मला हळूच म्हणायच्या, "इथनं उठले की संपले बघ मी."

मग बिल्डिंगचा ग्रुप निघाला. पाणी सुटायच्या आत निरोप यायचा, पिंप आधीच नळाखाली. ताईंच्या ठकठकीची कुणाला गरज उरली नव्हती, तरी त्या करायच्या. मीही पिंप भरलेलं असलं तरी लाटणं घेऊन उत्तर द्यायची.

मागे मुलीचा पाय मोडला म्हणून मी बदलापूरला तिच्याकडे राहिले होते. ग्रुपवर आलं, उद्यापासून पाणी पहाटे. मी तिथूनच लिहिलं, "तळमजल्यावर ताईंना सांगा कोणीतरी." भराभर अंगठे आले. एवढे अंगठे, की मला वाटलं अख्खी बिल्डिंगच जिना उतरून गेली.

परत आले त्याच दुपारी पाइप वाजला. मी नळ सोडला. कोरडा. खाली गेले तर ताई रिकाम्या पिंपाशेजारी पाटावर बसलेल्या, उलथणं मांडीवर. दुकानातून आणलेल्या पाण्याच्या बाटल्या ओट्यावर.

"मॅडम, जांभूळ आटलं का गं?"

"ताई, पाणी पहाटे येतं आता. तुम्ही विहारात वंदनेला जाता ना, नेमकं तेव्हा."

"सांगितलं कोणी?"

"ग्रुपवर आलं होतं."

"मग ग्रुपला म्हणावं, खाली ये. दार आहे मला."

हसल्या. मलाही हसू आलं.

"पण तुम्ही तरी कुणाचं दार वाजवायचं!"

"वाजवलं की. समोरच्या घरातल्या सुनेच्या कानात ते गाण्याचे बोळे. मग नाही वाजवलं." उलथणं त्यांनी उगाच पदराला पुसलं. "पाइप मात्र रोज ठोकला. वरनं काही येईना. वाटलं, बिल्डिंग रिकामी झाली."

त्या रविवारी मुलाने तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "ये न्यायला."

जाताना मला म्हणाल्या, "जयभीम, मॅडम," आणि उलथणं माझ्या हातात ठेवलं. तिकडे सुनेचा स्वयंपाक, ह्याचं काय काम, म्हणे.

आता त्यांच्याकडे फोन आहे. व्हिडिओ कॉल लागला की त्या सवयीने तो कानाला लावतात. मला नुसता कान दिसतो, त्यातली कुडी दिसते.

"इकडे पाइप भिंतीच्या आत असतात गं," कान सांगतो.

काल दुपारी मला राहवलं नाही. उलथणं घेतलं आणि पाइपावर ठकठक केली. थांबले. पुन्हा केली.

फोन वाजला. ग्रुपवर कुणीतरी विचारलं होतं, "कोणाकडे काम चालू आहे का? आवाज येतोय."

एकेकाने लिहिलं, आमच्याकडे नाही.

मीही लिहिलं, आमच्याकडे नाही.