मार्गीअक्का आणि फिनेलचा कॅन

आमच्या धुळ्याच्या देवपुरातल्या कॉलनीत किळस येण्याच्या बाबतीत मार्गीअक्कांचा हात धरणारं कोणी नाही. वय एक्क्याण्णव, वजन जेमतेम अडतीस किलो, आणि त्यातलं निम्मं वजन नाकाचं असावं. रस्त्यात गुटखा थुंकणारा दिसला की त्या थांबतात, चष्मा वर करतात आणि ठणठणीत अहिराणीत विचारतात, "आठे माणसे ऱ्हातस का डुकरे?" ही अहिराणी बोलताना त्यांच्या ट, ठ, डला अमेरिकेचा असा काही गोलावा येतो की थुंकणारा आधी चकित होतो, मग लाजतो, आणि काही जण तर थुंकी गिळतात. मला स्वतःला हे शेवटचं जास्त किळसवाणं वाटतं, पण अक्कांपुढे बोलणार कोण?

मूळ नाव मार्गारेट. शिंदखेड्याचे प्रेमराजभाऊ शेतीशास्त्र शिकायला अमेरिकेत गेले आणि अठ्ठावन्न साली पदवीबरोबर हिलाही घेऊन आले. सासूने पहिल्याच दिवशी मार्गारेटची मार्गी केली. पुढे धुळ्यात घर बांधलं, अक्कांनी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, आणि जिल्ह्यातली निम्मी माणसं आजही त्यांना पाहिली की हात मागे घेऊन सरळ उभी राहतात. भाऊ जाऊन वीस वर्षं झाली. अक्का कुठे गेल्या नाहीत. अमेरिकेचं नाव काढलं तर म्हणतात, तिकडे फार वाया जातं.

त्यांची एक सवय मात्र आम्हा पोरांची लहानपणापासूनची करमणूक होती. जेवायला बसल्या की पहिला घास घेण्याआधी अक्का उजव्या हाताची बोटं नाकापाशी नेऊन वास घेत. दर जेवणाला. आम्ही त्यांची नक्कल करून घरात मार खाल्ला आहे. माझी भाची स्नेहल तर अक्कांच्याच ओट्यावर वाढली. ती पाच वर्षांची असताना इतकी हुबेहूब नक्कल करायची की खुद्द अक्का हसून लोळायच्या. पण वास कसला घेतात हे कधी सांगत नसत.

तर याच स्नेहलचं लग्न ठरलं. आणि माझ्या मेहुण्याने, म्हणजे संघपालभाऊंनी, वर्षभर आधी जे मंगल कार्यालय ठरवून ठेवलं होतं, ते अक्कांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीच्या बरोब्बर मागे.

त्या कार्यालयाचं वर्णन मी करतो, पण आपण जेवत असाल तर हा परिच्छेद नंतर वाचावा. पुढून कमान, कारंजं, प्लास्टिकचे दोन मोर. मागच्या अंगणात चार निळी पिंपं. दर लग्नाला त्या पिंपांत अर्ध्या चावलेल्या बट्ट्या, तुपात थिजलेलं वरण, वांग्याची भाजी, गुलाबजाम आणि कागदी नॅपकिन यांचा एक लगदा तयार होतो. तो बघून माणसाचा लग्नसंस्थेवरचा विश्वास उडावा. आमच्या खानदेशात पाहुणा नको म्हणाला की वाढणाऱ्याला चेव येतो. ताटात हात आडवा घातला तर हातावर तूप ओततात. पाहुणा बोटाने दोन घास उकरतो आणि उरलेलं पिंपात जातं. याला आम्ही आग्रह म्हणतो आणि छाती फुगवून सांगतो.

पण अक्का बिथरल्या त्या यामुळे नाही. फाल्गुनातल्या एका लग्नाच्या दुपारी त्या खिडकीशी भांडी घासत होत्या. पांझरा नदीच्या काठच्या वस्तीतल्या बायका डबे घेऊन भिंतीपाशी उभ्या होत्या. तेवढ्यात कार्यालयाचा मॅनेजर अभिमन पाच लिटरचा पांढरा कॅन घेऊन आला आणि त्याने चारही पिंपांत फिनेल ओतलं. शांतपणे, तुळशीला पाणी घालावं तसं.

अक्कांनी त्याला बोलावून विचारलं. तो त्यांचाच विद्यार्थी. त्याने हात मागे घेऊन खुलासा केला की लोक भिंतीवरून उड्या मारतात, भांडतात, सांडतात, कुत्री येतात, मग पाहुणे नाकं मुरडतात. फिनेल टाकलं की कोणी येत नाही. स्वच्छता राहते, मॅडम.

त्या संध्याकाळी अक्कांनी स्नेहलला सांगून टाकलं, "मी तठे येवाव नही."

स्नेहल हट्टी आहे. अक्कांनीच तिला तसं वाढवलं. तिने सांगितलं की अक्का माझ्या लग्नात जेवणार नसतील तर मीही घास घेणार नाही. संघपालभाऊंना घाम फुटला. कार्यालय बदलावं तर पत्रिका वाटून झालेल्या. नवरी उपाशी राहिली तर नवऱ्याकडचे पाचोऱ्याचे पाहुणे काय म्हणतील? शेवटी मला वकील करून पाठवलं. मी जाऊन बरंच बोललो. एवढीशी गोष्ट, जनरीत, वगैरे. अक्का ऐकत राहिल्या. मग त्यांनी अहिराणी सोडली आणि शाळेत शिकवताना बोलत तसं सावकाश, स्वच्छ मराठी बोलू लागल्या. मला तेव्हाच कळलं की आपली वकिली संपली.

चौदा वर्षांच्या असताना त्या जपानात होत्या. युद्ध संपलं होतं, अमेरिकेचं सैन्य तिथे राज्य करत होतं. वडील सैन्यात पुरवठ्याचे कॅप्टन. त्यांना योकोहामाजवळ एक सुंदर घर मिळालं. मिळालं म्हणजे घेतलं. घराची मालकीण, एक म्हातारी, मागच्या सरपणाच्या खोलीत राहायला गेली आणि स्वतःच्याच घरात मोलकरीण झाली. त्या घरात चटयांवर अनवाणीच फिरायची रीत होती; अक्कांची आई बूट घालून फिरे आणि म्हातारी मागून गुडघ्यांवर पुसत जाई. गावात लोक रताळ्याचे वेल उकडून खात होते. कॅप्टनच्या घरी टेबलावर रोज पाच जणांना पुरेल एवढं उरे. वडिलांचा नियम होता, उरलेलं अन्न अंगणातल्या पिंपात टाकून त्यावर घासलेट ओतायचं. म्हणजे उंदीर येत नाहीत, माणसं येत नाहीत, रोगराई होत नाही. मुलीला कामाची सवय लागावी म्हणून घासलेट ओतण्याचं काम तिच्याकडे दिलेलं.

"नाताळच्या दुसऱ्या दिवशी जेवणातला भाजलेला पक्षी अर्धा उरला होता," अक्का म्हणाल्या. "म्हातारी पायरीवर उभी होती. हात मागे. हातात वाडगा होता, मला दिसत होता. मी ओतलं. मग ती कमरेत वाकली आणि तिने माझे आभार मानले, कारण मालकाच्या मुलीने काम केलं की आभार मानायचे असतात."

मी म्हटलं, अक्का, तुम्ही लहान होता.

"चौदा वर्षांची होते. वास कळण्याइतकी मोठी होते."

मी घरी आलो आणि संघपालभाऊंना सांगितलं की खटला हरलो. अक्का काय म्हणाल्या ते मात्र फक्त स्नेहलला सांगितलं.

लग्नाच्या दिवशी सकाळी नऊला अक्का कार्यालयात हजर. पण पुढच्या दाराने नाही. मागच्या अंगणात पिंपांपाशी प्लास्टिकची खुर्ची टाकून त्या बसल्या होत्या. पांढरी साडी, मोत्यांच्या कुड्या आणि पायांखाली फिनेलचा कॅन. पुढे पंचशील झालं, हार घातले, टाळ्या वाजल्या. अक्का जागच्या हलल्या नाहीत. अभिमन तीनदा येऊन गेला. मॅडम, कॅन द्या. मॅडम, मालक रागावतील. तिसऱ्यांदा अक्कांनी त्याला सहावीतल्या गैरहजेरीची आठवण करून दिली, तेव्हा तो गेला.

पंगती उठू लागल्या. आमच्या पाहुण्यांनी नेहमीप्रमाणे निम्मं ताटात सोडलं. मी त्या दिवशी पहिल्यांदा ताटांकडे नीट बघितलं आणि मला माझ्याच नातेवाइकांची शिसारी आली. त्यांत माझंही ताट होतं. अक्कांनी फर्मान काढलं की पातेल्यात राहिलेलं, न उष्टावलेलं अन्न आधी मागच्या दाराशी आलं पाहिजे. मी आणि दोन आचारी पातेली वाहत होतो. बायका भिंतीवरून नाही, फाटकातून आल्या आणि डबे भरून गेल्या. एकही भांडण झालं नाही. संघपालभाऊ मधल्या दारात आडवे उभे राहून पाचोऱ्याच्या पाहुण्यांना कारंजं दाखवत होते.

मग शालू सावरत स्नेहल मागे आली आणि अक्कांच्या पायांपाशी बसली. म्हणाली, "आता तरी जेवा. मला चक्कर येतेय."

अक्का हो म्हणाल्या. आणि इथे माझ्या मेहुण्याने कमाल केली. आनंदाने त्यांचं भान गेलं. त्यांनी ताटात चार बट्ट्या कुस्करल्या, वरण ओतलं, तूप ओतलं, भाजीचा डोंगर रचला. अक्का बस म्हणाल्या तशी पाचवी बट्टी घातली. चिमणीएवढा आहार असलेल्या बाईपुढे पैलवानाचं ताट.

अक्का ताटाकडे बघत राहिल्या. मग पायाखालच्या कॅनकडे. मग त्यांनी अभिमनला बोलावलं आणि शेजारची वीट दाखवली.

"बस. आपल्याला हे संपवायचं आहे."

अभिमन बसला. एका बाजूने नवरी, एका बाजूने मॅनेजर, मध्ये अक्का, एकच ताट. अक्कांनी सवयीप्रमाणे बोटं नाकाशी नेली. या वेळी कोणी नक्कल केली नाही. अभिमनने पहिला घास उचलला आणि तोंडापाशी थांबला. खाली मान घालून म्हणाला, "मॅडम, बट्टीला फिनेलचा वास येतोय."

"बट्टीला नाही. तुझ्या हाताला."

त्याने हात पँटला पुसला, पुन्हा हुंगला. विचारलं, धुऊन येऊ का?

"धू. मी सत्त्याहत्तर वर्षं धुतेय," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी घास तोंडात घातला.