स्टेअरिंगमधली हवा

आमच्याकडे मुलीला सासरी पोचवायला बाप जात नाही. पाठराखीण जाते, भाऊ जातो. बाप मांडवाच्या दारातून मागे फिरतो. माझ्या बाबांनी त्यावर तोड काढली होती. ते पडले ड्रायव्हर. त्यामुळे नवरीची गाडी तेच चालवायचे आणि माझ्या दोन्ही बहिणींना त्यांनीच नेऊन सोडलं. मोठीच्या सासरी कोणीतरी नाक मुरडलं, तर म्हणाले, "बाप घरीच राह्यला बाप्पा. मी त ड्रायव्हर आहो." आणि वरून चहा मागितला! असा माणूस.

माझं लग्न ठरलं ते दिवसच वाईट होते. कापसानं सगळ्यांचं कंबरडं मोडलं होतं. अकोटच्या जिनिंगसमोर हंगामात गाड्यांची रांग लागायची, तिथं त्या वर्षी कुत्री झोपलेली असायची. लग्नं नुसती उरकायची. माझ्या वरातीला एकच गाडी ठरली, बाबांची. मागं आम्ही दोघं नवरानवरी आणि पाठराखीण, पुढं सासरे. उरली ड्रायव्हरची सीट. भातकुलीपर्यंत, म्हणजे माझ्या सासरपर्यंत, बाबा माझ्यासोबत येणार तर त्याच सीटवर, नाही तर नाहीच.

आणि नेमकं स्टेअरिंग जड झालं. वळवलं की गाडी कण्हायची. एकदा वळणावर बाबांच्या हातून गाडी रस्त्याखाली उतरली. "हात भरून येते व," म्हणाले. गाडीखाली तेलाचे टिपके पडत होते, म्हणजे खोटं काही नव्हतं. पण चहाचा पेला त्यांच्या डाव्या हातातून निसटायचा, सदऱ्याची बटणं आई लावून द्यायची, हेही मी पाहत होते. आईनं विचारलं की खेकसायचे, "दिवसभर रेड्यावानी स्टेअरिंग ओढून पाह्य तू, मंग सांग मले!" आई उरलेली बटणं लावायची. मीही मनाशी तेच म्हणत होते, गाडी नीट झाली की हात नीट होईल.

अकोटला बाबांच्या जिवाभावाच्या दोस्ताचं गॅरेज होतं. आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. मला शिंप्याकडून ब्लाउज आणायचे होते, म्हणून मीही बाबांसोबत गेले. चाचांनी स्टेअरिंगच्या तेलाचा झिरपणारा पाइप बदलला आणि म्हणाले, "पाइप खोलला की अंदर हवा घुसते. हवा राह्यली त स्टेअरिंग जडच लागन. अब हवा निकालते."

गाडीची पुढची चाकं उचलून खाली ठोकळे लावले. इंजिन बंदच. स्टेअरिंग सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं, तेलाच्या डबीत बुडबुडे येतात, तेल कमी झालं की भरायचं, पुन्हा फिरवायचं. मला बॉनेटपाशी उभं केलं. "बुडबुडे दिसले की सांगजो, बेटा," चाचा म्हणाले.

स्टेअरिंग फिरवायला चाचा बसत होते, पण बाबांनी ऐकलं नाही. चाकं अधांतरी, त्यामुळे स्टेअरिंग एका तळव्यानंही फिरत होतं.

"आले व बुडबुडे?"

"आले, बाबा!"

लालसर फेस नुसता उसळत होता. इकडून तिकडं, तिकडून इकडं. बाबा खुशीत येऊन गुणगुणायला लागले. "पाह्य! म्या म्हणत नव्हतो? हाताले काय धाड भरली? हवा होती, हवा!" मला इतकं बरं वाटलं की रडूच आलं.

बुडबुडे थांबले. मग इंजिन सुरू करून पुन्हा तसंच केलं. फेस बसला, तेल निवळलं, कण्हणं बंद झालं. चाकं खाली टेकवून चाचांनी समोरच्या रिकाम्या मैदानात एक फेरी मारली. "मक्खन!" म्हणत उतरले.

मग बाबा बसले, शेजारी मी. डावीकडं गाडी छान वळली. उजवीकडं वळताना त्यांचा डावा हात स्टेअरिंगवरून घसरला आणि मांडीवर पडला. पडला तो तसाच राहिला. उजव्या हातानं त्यांनी तो उचलून परत वर ठेवला, तोवर गाडी भिंतीपाशी गेली होती. कचकन ब्रेक लागला.

"अजून हवा आहे त्यात," बाबा म्हणाले.

चाचांनी डबीत वाकून पाहिलं. मीही पाहिलं. तेल स्वच्छ होतं.

"आहे ना बे?"

चाचा फडक्यानं हात पुसत राहिले. मग म्हणाले, "हाव, है थोडी. फिरसे निकालते."

पुन्हा ठोकळे लागले, पुन्हा बाबा बसले. चाचा माझ्याकडं बघत नव्हते.

"आले व बुडबुडे?"

"आले," मी म्हणाले.

"लय आले का?"

"लय आले, बाबा."

बाबांनी फिरवणं थांबवलं. माझा आवाज त्यांनी जन्मापासून ऐकला होता. ते खाली उतरले, बॉनेटपाशी आले आणि डबीत बराच वेळ पाहत उभे राहिले. उजव्या हातातली गाडीची किल्ली चाचांच्या हातावर ठेवली. "भातकुलीले तूच ने इले," म्हणाले, आणि माझ्या ब्लाउजची पिशवी उचलून बसस्टँडकडं चालायला लागले.

लकव्याचा हलका झटका येऊन गेला होता, हे डॉक्टरांनी नंतर सांगितलं.

वरात निघाली तेव्हा सगळे गाडीच्या माझ्या बाजूच्या दाराशी रडत होते. बाबा सवयीनं ड्रायव्हरच्या दाराशी गेले. आत चाचा बसलेले. बाबांनी खिडकीतून हात घातला, स्टेअरिंग जरासं इकडं, जरासं तिकडं हलवून पाहिलं. "हलकं झालं," म्हणाले. "हळू नेजो, माही पोरगी आहे."

गाडी निघाली तरी ते दोन पावलं सोबत आले. मग कोणीतरी त्यांच्या दंडाला धरून मांडवाकडं वळवलं. बाप म्हणून मागं राहायची त्यांना सवयच नव्हती.