जालन्यातून मासे सांगणारा

नवीन जालन्यात शेतातल्या मोटारी दुरुस्त करणारा एक माणूस आमच्या ओळखीचा आहे. गळ्यात तुळशीची माळ, अंड्याचा वाससुद्धा चालत न्हाई. आणि नाद कसला, तर समुद्रात मासे कुठं असतील ते सांगायचा! आपली मोटार जळून पडलेली आणि हा मोबाइलवर समुद्राच्या तापमानाचा नकाशा दाखवत बसणार. “हे बघा भाऊ, गरम पाणी न् थंड पाणी इथं भिडून राह्यलं. बारके मासे इथंच जमणार, मंग मोठेबी येणार. बिलकुल!”

शेवटी त्यानं मला मालवणला ओढत नेलंच. मी मसाला बांधूनच निघालो. बोट खोल समुद्रात गेली तसा हा भडाभडा ओकायला लागला, पण मोबाइल सोडला न्हाई. “अजून डावीकडं... बस, इथं टाका गळ.”

टाकला. हातभर सुरमई लागली! मी ती बोटीत ओढली, तर यानं हात जोडले. “भाऊ, सोडून द्या तिला.”

“मंग एवढ्या लांब आणलं कशाला मला?”

तोंड पुसत म्हणाला, “पत्ता बराबर हाय का, तेवढंच बघायचं होतं.”

सोडली. मसाला घरी आणून वांग्यात घातला.