माझ्या गुडघ्याच्या मापाचा जिना

मुलांनो, सव्वा महिन्यापूर्वी सकाळी दौंडहून फोन आला. माझा धाकटा भाऊ वसंता, तुमचे वसंतआजोबा, झोपेतच गेला. आजोबा नक्की काय बांधायचे, असं तुम्ही मला फोनवर विचारलंत. देवळं नाहीत, बंगले नाहीत. शिरूर-दौंडच्या बाजारातली दुकानं आणि गाळे.

पुण्यात दुसऱ्याच्या ऑफिसात नकाशे काढत असताना त्याला रद्दीत एक इंग्रजी पुस्तक सापडलं. गेल्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडात दुकानं, बँका, हॉटेलं बांधणाऱ्या एका आर्किटेक्टची ती हकीकत. पहिली पानं फाटलेली, म्हणून आम्ही त्याला नुसतं 'साहेब' म्हणायचो. वसंताचं इंग्रजी बेताचं. तेव्हा मी दौंडलाच राहायचे; रविवारी तो आला की मी वाचायची आणि मराठीत सांगायची. साहेबाला राजवाडा बांधायला कधी मिळाला नाही. पण बांधलेलं दुकान सुरू झालं की तो दाराशी उभा राहून गिऱ्हाईक कुठं अडखळतं ते बघायचा. ते पान वसंतानं मला तीनदा वाचायला लावलं...

नव्वद सालानंतर त्याला स्वतःचं पहिलं काम मिळालं. निमोणे गावच्या आप्पांना शिरूरला दुमजली कॉम्प्लेक्स बांधायचं होतं. हे काम गेलं तर पुन्हा पुण्यात दुसऱ्याचे नकाशे, एवढं त्यानं मला शिरूरला नेताना एसटीत सांगितलं. नकाशात जिना रस्त्याकडे तोंड करून होता, रुंद, बुटक्या पायऱ्यांचा. आप्पा भडकले.

"मोक्याचा गाळा जिन्यात घालवता व्हय? मागं न्या त्यो. पायऱ्या बी उंच करा, जागा वाचंल."

"मग वर कोण येणार, आप्पा?"

"डॉक्टर येनार हाय."

"डॉक्टर येतील. पेशंट?"

वसंतानं बांधकामाच्या जागेवरच्याच विटा रचून शेजारी शेजारी दोन जिने केले, एकाची पायरी साडेसात इंचांची, दुसऱ्याची सहा. मग मला पुढे केलं. शाळेत पडल्यापासून माझा उजवा गुडघा दुखायचा.

"बाईंसाठी बांधायचंय का कॉम्प्लेक्स?" आप्पा म्हणाले.

उंच जिन्याच्या चौथ्या पायरीवर मी वसंताचा खांदा धरला. बुटका जिना न थांबता चढले. खालून त्यानं विचारलं, "ताई, गुडघा काय म्हणतो?"

"काही म्हणत नाही."

आप्पा हात मागे बांधून दोन्ही जिने स्वतः चढले, उतरले, पुन्हा चढले. मग धोतरावरची विटांची धूळ झटकली. "आमची म्हातारी बी चढंल ह्यावरनं. ऱ्हाऊ द्या जिना पुढं. पन वरचं गाळं रिकामं ऱ्हायलं, तर तुम्हालाच बसवीन तिथं."

तिथं बसायची वेळ वसंतावर आली नाही. पुढे दौंडचं कापडाचं दुकान झालं, शिक्रापूरचे गाळे झाले आणि दर वेळी विटांवर चढायला मी. एकदा वैतागून म्हटलं, "अरे, गावात दुसऱ्या कुणाला गुडघे नाहीत का?"

"आहेत. पण ते माझी भीड ठेवतात."

गेल्या आठवड्यात दाढ दुखू लागली म्हणून शिरूरला गेले. दाताचे डॉक्टर आप्पांच्याच कॉम्प्लेक्समध्ये, वरच्या मजल्यावर बसतात. पायऱ्यांच्या कडा आता झिजल्यात. कठडा न धरता, न थांबता वर पोचले आणि सवयीनं मागे वळून म्हटलं, "काही म्हणत नाही."

खालून एक बाई कडेवर मूल घेऊन चढत होती. तिला वाट देऊन मी बाजूला झाले.