साइमी टपालवालीची चाकोरी

कोर्पिला गावच्या स्कीशर्यतीत साइमीला हरवणं म्हणजे पाद्रीबुवांना प्रवचनात मध्येच थांबवण्यासारखं. अशक्य नाही, पण कोणी केल्याचं ऐकिवात नाही. सलग सोळा हिवाळे बाई पहिली. दरवर्षी बक्षीस काय ठेवायचं, याची शर्यतीआधी चौकशी करायला लोक तिच्याच घरी जायचे. ती सांगायची, "रॉकेलचा कंदील नको, तीन आहेत. बादली द्या."

तिला कोणी म्हणालं, की बाई, तुमचा सराव दांडगा, तर ती चक्क चिडायची. "सराव कसला? मी टपाल टाकते." आणि ते खोटंही नव्हतं. नोव्हेंबर ते एप्रिल, आठवड्याचे सहा दिवस, पाठीवर थैली बांधून चोवीस किलोमीटर. तळं ओलांडायचं, मग दलदल, मग जंगलातली सात घरं. हिवाळ्यात त्या दलदलीवरून गाडीही चालावी इतकी ती गोठते, पण रात्री बर्फ पडलं की सकाळी वाट नावाची गोष्टच उरत नाही. पहिली चाकोरी साइमीच्या स्कींनी पडायची आणि दिवसभर सगळं गाव त्याच चाकोरीतून ये-जा करायचं. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय.

नवरा ओइवा लाकूडतोड्या. तोंडात कायम मिठाची गुळणी. लग्नाची मागणीसुद्धा त्यानं तोंडानं घातली नव्हती. भूर्जाच्या लाकडाची स्कीची जोडी स्वतः तासून, डांबर लावून तिच्या दारात ठेवून तो निघून गेला होता. साइमीनं त्या पायात अडकवल्या, तळ्याला एक फेरी मारली आणि परत येऊन "हो" म्हणाली. स्कींना म्हणाली की त्याला, हे ओइवानं आजवर विचारलेलं नाही. शर्यतीच्या सकाळी स्कींना मेण मात्र तोच लावायचा. बर्फ चिमटीत धरायचा, हुंगायचा, मेणाची एक वडी निवडायचा. बायकोची तारीफ करायची वेळ आली की हुंगायलाही तयार नसायचा.

आता इतकी पहिली येणारी बाई परदेशी का गेली नाही, असं कोणीही विचारेल. तर दैव देतं नि कर्म नेतं, ते असं. पहिल्यांदा निवड झाली आणि लढाई सुरू झाली. दुसऱ्यांदा निवड झाली तेव्हा पोटात लेक होता, आणि तो काही शर्यत संपेपर्यंत थांबायला तयार नव्हता. तिसऱ्या वेळेची गोष्ट मात्र गावात अजून चवीनं सांगतात. लढाई संपलेली, पाच वर्षं लोकांनी भाजलेल्या मुळ्या उकळून त्यालाच कॉफी म्हटलेलं. साइमी संघासोबत आगगाडीत बसली. मधल्या एका स्टेशनवर गाडी थांबली आणि उपाहारगृहातून वास आला. खऱ्या कॉफीचा. बाई खाली उतरली. पहिला कप जीभ भाजत प्यायली, दुसरा सावकाश, तिसरा डोळे मिटून. डोळे उघडले तेव्हा गाडी गेली होती. स्की गाडीत, बाई फलाटावर.

घरी परत आल्यावर ओइवानं एवढंच विचारलं, "चांगली होती?"

"फारच," साइमी म्हणाली, आणि मग हुंदके देऊन रडली. हे मात्र गावात कोणाला माहीत नाही.

यंदा ती एकोणचाळीस वर्षांची होती. जिल्ह्यातून एकच बाई राष्ट्रीय संघात घेणार होते, आणि तो संघ आल्प्सच्या डोंगरात मोठ्या शर्यतीला जाणार होता. शहराकडे बर्फ धड पडलं नाही म्हणून निवडीची शर्यत यंदा कोर्पिलात आली. साइमीनं मनाशी खूणगाठ बांधली: ही शेवटची. पुढच्या खेपेला आपण त्रेचाळीसच्या असू आणि गुडघे साठीचे. यंदा जायचं, आणि वाटेत कॉफीचा वास आला तर नाक दाबून बसायचं. मोठी पेटी तिनं माळ्यावरून आधीच खाली काढली होती.

मध्ये एकच धोंड होती. इर्मेली.

इर्मेली शेजारच्या गवळ्याची पोर, आता बावीस वर्षांची, दूध डेअरीत कामाला. सात वर्षांची असताना शाळेत जायला ती साइमीच्या मागून चाकोरीत शिरायची. साइमीच तिला शिकवायची: काठी कुठे टेकवायची, चढावर टाच कशी दाबायची, नाक कोणत्या बाहीला पुसायचं. तीच पोरगी गेल्या वर्षी चार पावलांनी दुसरी आली होती. डेअरीतले लोक साइमीला चिडवायचे, "मावशी, सांभाळ हं, दूध उतू चाललंय."

"उतू द्या," साइमी म्हणायची, "मी साय खाईन."

शर्यतीचा दिवस उजाडला. उणे बारा, कोरडं बर्फ, आभाळ स्वच्छ. मोठ्या शर्यतीत एकेकाला वेळ लावून सोडतात, पण आमच्या शाळामास्तरांकडे घड्याळ एकच, आणि तेही त्यांच्या मताप्रमाणे चालायचं. म्हणून अठराही बायका एकदम सुटायच्या. जी आधी चर्चपाशी पोहोचेल ती पहिली. निवडीसाठी शहरातून आलेल्या साहेबांनी नाक मुरडलं, तर मास्तर म्हणाले, "शहरात घड्याळं आहेत, बर्फ कुठाय?"

तळ्यावर जागा रुंद, तिथे सगळ्यांनी धक्काबुक्की करून घेतली. दलदलीच्या तोंडाशी साइमी पहिली शिरली. तिथून पुढे पाच किलोमीटर चाकोरी एकच, आणि दोन्ही बाजूंना कमरेएवढं भुसभुशीत बर्फ. तिथे मागच्याला पुढे जायचं तर एकच उपाय. मोठ्यानं "लातुआ!" ओरडायचं, म्हणजे वाट सोड. ओरडल्यावर पुढच्यानं बाजूला झालंच पाहिजे, मग तो आमदार असो की सासरा. न ओरडता पुढे जाता येत नाही आणि न ऐकता सरकायचं कोणावर बंधन नाही. सोळा वर्षांत साइमीच्या पाठीमागून हा शब्द आलेला नव्हता. गावात थट्टा चालायची, की तिला त्याचा अर्थ तरी आठवतो का.

सहाव्या किलोमीटरला तिला मागून आवाज आला. शब्द नव्हे, स्कींचा. सूं, सूं, खट्. कोणीतरी तिच्या स्कींच्या शेपटाला येऊन अडत होतं. साइमीनं मान किंचित वळवली. डोळ्याच्या कोपऱ्यात निळी टोपी दिसली. इर्मेली.

आता म्हणेल, साइमीला वाटलं. पण पोरगी म्हणेना. शंभर पावलं गेली, दोनशे गेली. सूं, सूं, खट्.

साइमीच्या लक्षात आलं. ही लाजतेय. जिनं शिकवलं तिला वाट सोड म्हणायला जीभ रेटत नाहीये. आणि मग एक विचार आला, जो आला म्हणून तिला पुढे कित्येक दिवस स्वतःची शरम वाटत राहिली: नाही म्हणत तर नको म्हणू. कायदा आपल्या बाजूचा आहे. अशीच चार किलोमीटर गप्प राहिलीस बाई, तर आल्प्स आपले.

साइमी गप्प राहिली. मान सरळ ठेवून, काही ऐकलंच नाही असं दाखवत, पुरा एक किलोमीटर. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार.

पण तो आवाज काही तिला सोसेना. चांगली पळणारी पोर मुद्दाम हळू पळतेय, प्रत्येक झेपेला आखडतेय, हे त्या 'खट्'मध्ये स्पष्ट ऐकू येत होतं. स्वतः तिनं ती झेप शिकवली होती. ती अशी तोडलेली ऐकताना साइमीला भाकरी फेकून दिलेली पाहावी तसं वाटायला लागलं. आधी कसंनुसं झालं, मग संताप आला. स्वतःचा आला की पोरीचा, ते कळायला वेळ नव्हता.

"अगं भवाने," ती पळता पळता ओरडली, "तोंड शिवलंय का तुझं?"

मागून नुसतं सूं, सूं, खट्.

"बोल की! गायींवर तर चांगली खेकसतेस!"

"मावशी, तू पळ," मागून बारीक आवाज आला.

"मी पळतेच आहे, तूच रांगतेयस! म्हण लवकर, नाहीतर तुझ्या आईला सांगेन, तुला मी बेडकासारखी पळायला शिकवलं म्हणून!"

"लातुआ," इर्मेली म्हणाली.

"साखर मागायला आलीस का शेजारी? नीट!"

"लातुआ!"

जंगलात आवाज घुमला. साइमीनं सोळा वर्षांत पहिल्यांदा पाय चाकोरीबाहेर टाकला. मांडीपर्यंत रुतली. निळी टोपी शेजारून सपकन गेली, आणि आपल्याच गावच्या चाकोरीत कोणाची तरी पाठ तिला दिसली. सुंदर पळत होती पोरगी. मग साइमी बर्फातून पाय उपसून, दात खाऊन तिच्यामागे सुटली, आणि उरलेले तीन किलोमीटर ती जशी पळाली तशी विशीतही पळाली नव्हती. पण चर्चपाशी चाळीस पावलं कमी पडली.

साहेबांनी वहीत इर्मेलीचं नाव लिहिलं. साइमीला दुसरं बक्षीस मिळालं, रॉकेलचा कंदील.

संध्याकाळी वाफेचं न्हाणीघर तापलं. शनिवार होता, आणि हरलं काय नि जिंकलं काय, शनिवारी न्हाणीघर तापतंच. वरच्या फळीवर साइमी आणि इर्मेली दोघीच बसल्या होत्या, घामानं निथळत. साइमीनं तापल्या दगडांवर पाण्याचा डाव ओतला. वाफ उठली. तोंडं दिसेनाशी झाली, तेव्हा ती म्हणाली, "एक सांगते. तू मागे आलेली मला कळलं होतं. एक किलोमीटर मी मुद्दाम गप्प बसले. मला जायचं होतं गं. फार जायचं होतं."

इर्मेलीनं तोंडावरचा घाम पुसला. मग म्हणाली, "मला माहीत होतं. तू मान वळवलीस ना, तेव्हाच."

"मग ओरडली का नाहीस? इतकी लाज?"

"लाज कसली?" इर्मेली म्हणाली. "डेअरीत मी मॅनेजरवर ओरडते. म्हटलं, मावशीला चौथ्यांदा तरी जाऊ दे. मला काय, वर्षं आहेत."

साइमीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिच्या अंगाचा तिळपापड झाला.

"म्हणजे तू मला सोडणार होतीस? जिंकू देणार होतीस? मला?"

"हो."

"भीक घालत होतीस!"

"तू घेत होतीस की," इर्मेली म्हणाली.

साइमीनं गार पाण्याची बादली उचलली आणि तिच्या अंगावर रिकामी केली. पोरगी किंचाळली. मग दोघी हसायला लागल्या, इतक्या की साइमीला फळीचा कठडा धरावा लागला. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते थांबेना, आणि इर्मेली तिच्या पाठीवर भूर्जाची डहाळी, वाफेत न्हाताना मारतात तशी, हळूहळू मारत राहिली.

"ऐक," शेवटी साइमी नाक पुसत म्हणाली. "माझी पेटी घेऊन जा. चांगली मोठी आहे, तशीही रिकामीच पडलीय. आणि तिकडे एखादी पुढे आडवी आली, तिची पदकं पाहून गप्प बसलीस, तर परत येऊ नकोस. काय म्हणशील तिला?"

"लातुआ."

"ऐकू आलं नाही. ती परदेशीण आहे."

इर्मेलीनं श्वास भरला आणि अशी काही आरोळी ठोकली, की छपरावरचं बर्फ घसरून दारासमोर पडलं.

बाहेर ओइवा तळ्यावरून दोन बादल्या भरून येत होता. पुढे पाहिलं नाही, मागे पाहिलं नाही, तो झटकन पायवाटेवरून बाजूला झाला आणि मांडीभर बर्फात उभा राहिला. कोणी जाईना, तेव्हा न्हाणीघराच्या दाराकडे पाहून त्यानं विचारलं, "झालं का? येऊ मी?"