टिफनी कॉम्प्युटरमध्ये आहे

भुईगावच्या व्हिन्सेंटला खोटं बोलता येत नाही, हे अख्ख्या गावाला ठाऊक होतं. म्हणूनच त्याचं एकुलतं एक खोटं चार वर्षं बिनबोभाट खपलं.

झालं असं, की त्याच्या लेकीने, टिफनीने, इतिहासात एम.ए. केलं. गावात नर्सा होत्या, इंजिनियर होते, दोघं बोटीवर होते; इतिहासात कोणी गेलं नव्हतं. बरं, नोकरीही अशी लागली की सांगायची पंचाईत. मुंबईतल्या एका जुन्या कारखान्याचे शंभर वर्षांचे कागद, नकाशे, फोटो जपायचे, लावून ठेवायचे आणि कोणी मागितलं तर शोधून द्यायचे. व्हिन्सेंटने हिय्या करून चर्चबाहेर हे फक्त गावातल्या वडीलधाऱ्या गॉडफ्रेला सांगितलं.

"म्हणजे रद्दी सांभाळते? एम.ए. होऊन?" गॉडफ्रे खो खो हसला. पुढे मात्र गावात कोणाला बोलला नाही.

तेव्हापासून कोणी विचारलं की व्हिन्सेंट वाडीतल्या केळीकडे बघत सांगायचा, "टिफनी कॉम्प्युटरमध्ये आहे."

खोट्याला पाय नसतात म्हणतात, पण व्हिन्सेंटच्या खोट्याला स्कूटर होती. शेजारची ज्युली बंद पडलेला प्रिंटर घेऊन आली, "टिफनी बाय आली की बघायला सांगा हां." व्हिन्सेंटने तो गुपचूप नालासोपाऱ्याच्या एका दुकानात नेला, दुरुस्त करून आणला आणि म्हणाला, "टिफनीने केला." झालं! चार वर्षांत तीन लॅपटॉप, तोच प्रिंटर दोनदा आणि एकदा चक्क चर्चचा माईक त्या दुकानाची वारी करून आला. बायको फ्लॉसी म्हणायची, "अहो, त्या दुकानवाल्यालाच जावई करून घ्या."

जावई मात्र फिजिओथेरपिस्ट मिळाला, ॲलिस्टर. लग्न ठरलं आणि व्हिन्सेंट अडचणीत आला. कारण रिसेप्शनला टोस्ट असतो. ग्लास हातात घेऊन एक वडीलधारा माणूस नवरा-नवरीचं शिक्षण, नोकरी, गुण माईकवर सांगतो. घरच्यांनी त्याला चिठ्ठी लिहून द्यायची असते. आणि गावात टोस्ट देणारा एकच, गॉडफ्रे.

"पप्पा," टिफनी म्हणाली, "माझ्याबद्दल माईकवर आयुष्यात एकदाच कोणीतरी बोलणार. तिथे तरी खरं लिहा."

"लिहितो ना," व्हिन्सेंट म्हणाला, आणि 'कॉम्प्युटर' लिहून मोकळा झाला. पाचशे माणसांत गॉडफ्रे पुन्हा तसाच हसला तर? पोरीची शोभा व्हायला नको, एवढंच त्याच्या मनात होतं.

रिसेप्शनला गॉडफ्रेने ॲलिस्टरची चिठ्ठी झोकात वाचली. मग टिफनीची उघडली आणि थांबला.

"व्हिन्सेंटने इथे कॉम्प्युटर लिहिलंय. मी हे वाचणार नाय."

गॉडफ्रेने कोटाच्या खिशातून एक फोटो काढला.

"हा माझा बाप. मी दोन वर्षांचा होतो, तेव्हा टिफनी आहे त्याच कारखान्यातल्या अपघातात गेला. घरात एक फोटो नव्हता. सत्तर वर्षं मी म्हाताऱ्यांना विचारत फिरलो, माझं नाक कोणावर गेलंय? गेल्या महिन्यात ही पोरगी लग्नाचं आमंत्रण द्यायला आली आणि पत्रिकेबरोबर हा फोटो ठेवून गेली. बापाच्या भरतीच्या कार्डावरचा. मी रद्दी म्हणून हसलो होतो ना, त्या रद्दीतून तिने माझा बाप काढून दिला." त्याने फोटो सगळ्यांना दिसेल असा वर धरला. "नाक त्याच्यावरच गेलंय. चला, उठा, ग्लास उचला."

पाचशे माणसं उभी राहिली. टिफनी मात्र गॉडफ्रेकडे बघत नव्हती, बापाकडे बघत होती. व्हिन्सेंटला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती, आणि इतका आनंदही. तो स्टेजवर गेला आणि जेमतेम म्हणाला, "चुकलो, बाय."

"माहीत होतं मला तुम्ही तेच लिहिणार," ती म्हणाली आणि रडत रडत हसली.

सोमवारी सकाळी ज्युली हजर, काखेत प्रिंटर. "परत अडकला बघा. टिफनी माहेरी कधी येणार?"

व्हिन्सेंटने स्कूटरची किल्ली उचलली, जरा थांबला आणि परत खिळ्याला अडकवली. मग पलीकडच्या वाडीतही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "ज्युली, आमची टिफनी इतिहासात आहे. प्रिंटर नालासोपाऱ्याला दुरुस्त होतो. थांब, पत्ता लिहून देतो."